सल्ला हवा: भाजलेला मासा आणि ताज्या फळांचा साल्सा, सांगलीत मिळेल त्या सामानात

विश्रामबागकर

येत्या रविवारी आठ माणसांचं जेवण आहे. कॅरिबियन धाटणीचा मसालेदार मासा आणि सोबत आंबा-अननसाचा साल्सा, म्हणजे फळांची तिखट-आंबट कोशिंबीर, असा बेत आहे. ओव्हन नाही. गॅस, दोन बिडाचे तवे आणि एक झाकणाची कढई एवढाच संसार. शंका अशा:

१. मासा कुठला घ्यावा? पाककृतींत माही-माही, स्नॅपर, कॉड असं काहीबाही लिहिलेलं असतं. आठांतले तिघं काट्याला घाबरतात.

२. अननसाच्या रसात दोन तास मुरवलेल्या माशाचा तव्यावर भुगा झाला. रस कमी घ्यायचा, की मासाच चुकला?

३. साल्सा सकाळी करून ठेवला की दुपारी वाटीत नुसतं पाणी.

४. हॅबनेरो मिरची, ऑलस्पाइस (मसाल्याचं एक वाळकं फळ) आणि थाईम (सुगंधी पाला) ह्यांना पर्याय काय?

बिडाचा तवा

दुसऱ्या शंकेपासून सुरू करतो, कारण सगळ्याचं मूळ तिथे आहे. मासा चुकला नाही, तुम्ही तो तव्यावर जायच्या आधीच पचवलात. अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं, ते प्रथिनं तोडतं. मटण शिजत नसलं की आपण कच्ची पपई लावतो ना, तोच प्रकार. पपईत पपेन असतं. मटणाचे धागे चिवट, त्यांना हा मार सोसतो. माशाचं मांस मुळातच सैल, त्याचा वरचा थर अर्ध्या तासाच्या आत पिठूळ होतो. रस कमी घेऊन प्रश्न सुटत नाही. कच्चं अननस, पपई आणि किवी कच्च्या माशाला लावायचंच नाही. आंब्याचा असा त्रास नाही.

अननस हवंच असेल तर आधी भाजून घ्या. उष्णतेने ब्रोमेलेन निकामी होतं. बोटभर जाड चकत्या करून मधला कडक दांडा काढा, तवा चांगला तापवा, तेलाचं नुसतं बोट फिरवा आणि एका बाजूला ३ ते ४ मिनिटं हलवू नका. आधी चर्र आवाज येऊन पाणी सुटतं, मग आवाज बारीक होतो आणि कडेला गुळाच्या पाकासारखा वास येतो. तेव्हा उलटा. दोन्ही बाजूंनी तपकिरी डाग पडले की काढून पूर्ण गार करा, मगच चिरा. गरम चिरलंत तर साल्सातली कोथिंबीर काळी पडेल.

जाता जाता: साल्सासोबत दह्याची चटणी करणार असाल तर त्यातही कच्चं अननस नको. तेच विकर दुधातली प्रथिनं तोडतं आणि दही कडू होतं.

लिंबाचंही भान ठेवा. लिंबाच्या रसात मासा अर्धा तास राहिला की वरून पांढरा, खडूसारखा होतो आणि भाजताना कोरडा पडतो. हळद-मीठ लावून ठेवा, लिंबू शेवटची १० मिनिटं.

आगळ

मासा कुठला, त्याबद्दल. स्नॅपर म्हणजे आपली तांबोशी. मिळाली तर डोळे झाकून घ्या: मांस घट्ट, पांढरं आणि फळासोबत छान जातं. नाहीतर सुरमई. मधला काटा सोडला तर तुकडीत फारसं काही नसतं, त्यामुळे घाबरणाऱ्यांनाही जमते. रावसही चालेल. बांगडा नको, त्याचा तेलकट, उग्र वास आंब्याला खाऊन टाकतो. त्याला कोकमच शोभतं.

अंदाज: माणशी २०० ग्रॅम साफ केलेल्या तुकड्या, म्हणजे आठांना १.६ किलो. अख्खी सुरमई घेतली तर डोकं, शेपूट, आतडी जाऊन पाव ते तिसरा हिस्सा कमी होतो, म्हणून सव्वादोन किलोच्या आसपासची बघा. तुकडी २ सेंटिमीटर जाड कापून मागा. मासेवाले सवयीने पातळ कापतात. पातळ तुकडी वरून लाल होईपर्यंत आतून चिपाड होते.

आता समुद्राच्या माशाचं सांगलीत एकच मोठं दुखणं: बर्फ. रत्नागिरीहून आंबा घाट चढून येईपर्यंत पेटीतला बर्फ किती वेळ टिकला, हे आपल्याला दिसत नाही. सुरमई, बांगडा, कुपा (ट्यूना) ह्या जातींचे मासे गरम राहिले की त्यांत हिस्टामाइन तयार होतं. नंतर कितीही भाजा, तळा, ते जात नाही. खाताना जिभेला मिरीसारखी चुणचुण, मग चेहरा लाल आणि डोकं ठणकणं ही त्याची खूण. म्हणून कल्ले उघडून बघा, लाल हवेत, विटकरी नकोत. बोटाने दाबलेला खड्डा लगेच भरून आला पाहिजे. डोळा फुगीर हवा. आणि पोटाशी नाक न्या: समुद्राचा वास चालेल, अमोनियासारखा झोंबणारा नको. घरी येताना पिशवीत बर्फ घालून आणा, एप्रिलच्या उन्हात अर्धा तासही बराच होतो.

कोयनेकाठी

एवढं जोखमीचं कशाला? गोड्या पाण्यातली चिलापी (तिलापिया) घ्या की राव. जिवंत किंवा त्याच दिवशीची मिळते, स्वस्त पडते, आणि रोहू-कटल्यात असतात तसे मांसात घुसलेले वाय आकाराचे बारीक काटे तिच्यात नाहीत. मरळ मिळाली तर त्याहून चांगली. रोहू-कटला मात्र ह्या बेताला नको. साल्साचा मऊ घास आणि मध्येच काटा, तिघं पाहुणे ताट सोडून उठतील.

चिलापीला चिखलाचा वास येतो म्हणून लोक नाकं मुरडतात. तो वास पाण्यातल्या सूक्ष्म जीवांनी तयार केलेल्या जिओस्मिनचा. आंबटाने तो मोडतो. पोटाच्या आतलं काळं पापुद्र्यासारखं अस्तर खरवडून काढा, मग आंबट ताकात किंवा लिटरभर पाण्यात २ चमचे व्हिनेगर घालून १५ मिनिटं ठेवा. धुवा, कोरडं करा, झालं. जास्त वेळ ठेवायचं नाही, वर लिंबाबद्दल सांगितलंय तेच इथेही होतं.

अख्खी करायची तर केळीच्या पानात. पान आधी गॅसवर फिरवून घ्या, हिरवा रंग गडद होऊन ते चकाकलं की लवचिक होतं, नाहीतर घडी घालताना फाटतं. २५० ग्रॅमच्या माशाला दोन्ही बाजूंनी तीन-तीन तिरप्या चिरा द्या, मसाला चिरांत भरा, पुडी बांधून झाकलेल्या तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी ७-७ मिनिटं.

आणि हो, लिंबात कच्चा मासा 'शिजवून' खायचा तो सेविचे वगैरे प्रकार गोड्या पाण्यातल्या माशाचा करू नका. लिंबाने मांस पांढरं होतं, त्यातले कृमी मरत नाहीत.

पाडाचा आंबा

साल्साकडे कोणी वळतंय का? हे आपल्या कोशिंबिरीचंच भावंड आहे, आणि कोशिंबिरीला मीठ कधी घालतात हे घरातल्या कुणालाही विचारा: पानं घेताना. मीठ फळातलं आणि कांद्यातलं पाणी ओढून बाहेर काढतं. सकाळी चिरून ठेवा, पण मीठ आणि लिंबू वाढायच्या आधी १० मिनिटं. तरी सुटेल तेवढं पाणी गाळून बाजूला ठेवा, टाकू नका. माशाचा तवा उतरल्यावर त्यात ते ओतलं की तळाचा मसाला सुटून झकास रस होतो.

पूर्ण पिकलेला हापूस साल्सात घालणं म्हणजे आमरस चमच्याने ढवळणं. पाडाला लागलेला घ्या, देठाशी जरा पिवळा आणि दाबल्यावर कडक. केशर किंवा तोतापुरी असेल तर चिरायला आणखी सोपं.

आठांसाठी प्रमाण:

आंबे २ (प्रत्येकी २५० ग्रॅमच्या आसपास), भाजलेलं अननस २ चकत्या, लाल ढोबळी मिरची अर्धी, कांदा १ मध्यम, कोवळी काकडी १ (बिया काढून), हिरव्या मिरच्या २, मूठभर कोथिंबीर कोवळ्या दांड्यांसह, कैरीचा कीस २ मोठे चमचे, दीड लिंबाचा रस, मीठ पाऊण लहान चमचा, भाजलेल्या जिऱ्याची पूड पाव चमचा.

फोडी सगळ्या हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या. मोठ्या केल्या तर घासात एक तर नुसता आंबा येतो नाहीतर नुसता कांदा. कांदा चिरून गार पाण्यात १० मिनिटं ठेवा आणि फडक्यात पिळून काढा, त्याचा उग्रपणा उतरतो. ही पायरी गाळली की दुपारपर्यंत सगळ्या वाटीला कांद्याचाच वास. मिरचीचं तिखट बियांत नसतं, बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटतात त्या शिरेत असतं. कमी तिखट हवं तर शीर खरवडा. हाताला आधी थोडं तेल चोळा.

विश्रामबागकर

कांद्याची पायरी लक्षात घेतली. द्राक्षं अजून मिळताहेत, आंब्याऐवजी ती चालतील का? आणि डाळिंब?

पाडाचा आंबा

चालतील, पण नुसती नाहीत. तासगावची शेवटची द्राक्षं गोडमिट्ट असतात, आंबटपणाशिवाय माशावर ती शिऱ्यासारखी लागतात. उभी चिरून दोन भाग करा आणि कैरी दुप्पट घ्या. डाळिंबाचे दाणे उत्तम, चिरायचे नाहीत त्यामुळे पाणी सुटत नाही आणि दाताखाली फुटतात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचाही साल्सा होतो, मिरपूड घालून, पण तो पंधरा मिनिटांत मऊ पडतो. आठ जणांना वाढेपर्यंत जॅम होईल.

बिडाचा तवा

चौथी शंका राहिली. थाईमला पर्याय ओवा. दोन्हींत थायमॉल असतं, म्हणून वास जुळतो, पण ओवा जास्त जहाल. चमचाभर वाळक्या थाईमऐवजी पाव चमचा ओवा, चुरडून. ऑलस्पाइससाठी दालचिनी अर्धा चमचा पूड, २ लवंगा, चिमूटभर जायफळ. गणपती पेठेत मसाल्याच्या दुकानात 'कबाबचिनी' मागू नका. पुस्तकांत ऑलस्पाइसला ते नाव दिलेलं आढळतं, पण दुकानात हाती पडतात ते कंकोळ, शेपटीवाल्या मिरीसारखे दाणे. त्यांची चव निराळीच. हॅबनेरोचा तिखटपणा लवंगी मिरचीने भरून निघेल, तिचा फळासारखा वास मात्र मिळणार नाही. तो वास साल्सातला आंबा देईल.

१.६ किलोला वाटण: लसूण १२ पाकळ्या, आलं २ इंच, लवंगी मिरच्या ५, कांद्याची पात ६ काड्या, वरचे सगळे मसाले तिप्पट, मिरी दीड चमचा, गूळ २ चमचे, तेल ५ मोठे चमचे. पाणी घालू नका. मीठ वेगळं: दर अर्ध्या किलोला १ लहान चमचा, हळदीबरोबर आधी चोळा आणि १५ मिनिटांनी सुटलेलं पाणी फडक्याने टिपा. मग वाटण लावून अर्धा तास, फ्रीजमध्ये.

तव्यावर मासा चिकटतो त्याची कारणं तीनच: तवा थंड, मासा ओला, किंवा माणूस उतावळा. तेलातून धुराची पहिली रेघ दिसली की आच मध्यम करा, तुकडी ठेवा आणि ४ मिनिटं हात मागे. कवच धरलं की ती आपोआप सुटते. उलथनं घालून अडली तर अजून अर्धं मिनिट. दुसरी बाजू ३ मिनिटं. एका तव्यावर तीनच तुकड्या, चौथी घातली की पाणी सुटून मासा उकडायला लागतो. गुळामुळे मसाला लवकर काळा पडतो, म्हणून दोन घाण्यांच्या मध्ये तवा पुसून घ्या. शिजला का हे मधल्या काट्याशी सुरीचं टोक घालून बघा: मांस अपारदर्शक हवं आणि पापुद्रे सुटायला हवेत.

कृष्णाकाठ

रवा लावू नये का? रव्याशिवाय फ्राय म्हणजे...

बिडाचा तवा

रवा फ्राय वेगळी, हे वेगळं. रव्यावर ओला साल्सा पडला की दोन मिनिटांत लगदा. लावायचाच असेल तर साल्सा शेजारी वाटीत द्या, वर नको. खरं तर रवा नसला तरी साल्सा सगळा वर ओतू नये. एक चमचा वर, बाकीचा बाजूला, म्हणजे कवच कुरकुरीत राहतं.

आगळ

सोबत नारळाच्या दुधातला भात: ३ वाट्या तांदळाला ३ वाट्या पातळ दूध आणि २ वाट्या पाणी. दाट दूध आधी घालू नका, तळाला लागतं. भात वाफेवर टाकताना वरून अर्धी वाटी. नाहीतर शाळूची कडक भाकरी मोडून तिच्यावर मासा आणि साल्सा ठेवा, मेक्सिकोतल्या तोस्तादाचंच, म्हणजे मक्याच्या कडक पोळीचंच, काम करते.

विश्रामबागकर

तांबोशी मिळाली तर ती, नाहीतर चिलापी. एक शेवटचं: साल्सा उरला तर?

पाडाचा आंबा

दुसऱ्या दिवशी तसाच खाण्यात राम नाही. पाणी गाळा, काळवंडलेली कोथिंबीर वेचून काढा, मोहरी-मेथ्या-हिंगाची फोडणी करून त्यात टाका, गुळाचा लहान खडा घाला आणि पाच मिनिटं शिजवा. आंबटगोड रायतं होतं, पोळीबरोबर संपतं. फक्त माशाच्या ताटातून परत आलेला साल्सा त्यात मिसळू नका.