मदत हवी आहे: मिनिमम बॅलन्सचा दंड न लागणारं बचत खातं कसं निवडावं?

मंडळी,

नोकरी सोडल्यापासून मी डिझाइनची सुटी कामं घेते. पैसे आले की एकदम येतात, नाहीतर दोन-दोन महिने खात्यात खडखडाट. पगार खातं तसंच चालू ठेवलं होतं. पगार यायचा थांबल्यावर बँकेने ते साध्या बचत खात्यात बदललं आणि दहा हजारांचा मिनिमम बॅलन्स लागू झाला. परवा पासबुक भरून आणलं तर ओळीने नोंदी: ५९० (पाचशे दंड, नव्वद जीएसटी), पुन्हा ५९०, मध्येच एसएमएसचे १७.७०, डेबिट कार्डाचे २३६. शेवटच्या ओळीत शिल्लक उणे १८६. माझ्याच खात्यात मीच देणेकरी! (बँकेचं नाव विचारू नका, धागा भरकटेल.)

शाखेत विचारलं तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "मॅडम, दहा हजार ठेवा ना, मग काही कापत नाही." तेवढे पडून राहिले असते तर मी रांगेत कशाला उभी राहिले असते?

आता नवीन खातं काढायचंय. यूपीआय रोज होतं, एटीएमला क्वचितच जाते. चेक मात्र घरमालकांना लागतात. एक छोटी एसआयपी (म्युच्युअल फंडाचा ठरावीक हप्ता) आहे. डोक्यात दोन पर्याय आहेत: रिझर्व्ह बँकेच्या नियमातलं बेसिक बचत खातं, किंवा दंड काढून टाकलेल्या एखाद्या सरकारी बँकेतलं साधं खातं. 'झिरो बॅलन्स' अशी जाहिरात करणारी खासगी बँकांची ॲपवरची खातीही आहेत, पण त्यांचं दरपत्रक वाचलं की कार्डाचे वेगळे, चेकबुकाचे वेगळे, शाखेत रोकड भरायचे वेगळे. शिल्लक शून्य चालते, शुल्क शून्य नसतं. जाणकारांनी सांगा, कुठलं घ्यावं?

प्रतिसाद

ताई, बेसिक खात्याला (बीएसबीडी) मिनिमम बॅलन्सची अट नियमानेच नाही. पैसे कितीही वेळा भरा, एटीएम कार्ड फुकट, आणि एटीएम धरून महिन्यातून किमान चार वेळा पैसे काढणं फुकट. त्यापुढे काय, ते बँकेवर. रोजचं यूपीआय मात्र १ एप्रिल २०२६ पासूनच्या नियमांनुसार त्या चारांत धरत नाहीत. तुमच्यासाठी कळीचा मुद्दा तोच. शिवाय त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. असेल तर ३० दिवसांत बंद करावं लागतं.

स्टेट बँकेने हा दंड २०२० मध्येच काढला. कॅनरा, पंजाब नॅशनल आणि बँक ऑफ बडोदा यांनी २०२५ मध्ये. तुमचा वापर बघता मी यांपैकीच एका बँकेत साधं खातं काढेन. फक्त ही त्या त्या बँकेने दिलेली सूट आहे, उद्या फिरवूही शकतात. बेसिक खात्याचं तसं नाही.

प्रतिसाद

पोस्टाचंही बघा. ५०० रुपये ठेवायचे, बस. पण आर्थिक वर्ष संपताना त्याहून कमी असतील तर ५० कापतात. पोस्टातली रांग मात्र तुमच्या नशिबावर.

प्रतिसाद

उणे १८६ वर कोणीच बोललं नाही! केवळ मिनिमम बॅलन्सच्या दंडामुळे बचत खातं उण्यात जाता कामा नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ एप्रिल २०१५ पासून आहे. शिल्लक कमी पडली की आधी कळवायचं, भरून काढायला किमान महिना द्यायचा, आणि दंड जितकी रक्कम कमी पडली त्या प्रमाणात लावायचा. पाचशे सरसकट लावले की प्रमाणात, ते लेखी विचारा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा, फी नाही.

आणखी एक. दहा हजार रोज असायलाच हवेत असं नाही. सहसा दिवसअखेरच्या शिलकेची महिन्याची सरासरी बघतात. तुमचे एकदम साठ हजार आले आणि पाच रात्री हलले नाहीत, तर बेरीज तीन लाख, तीस दिवसांची सरासरी दहा हजार. महिना सुटला. काउंटरवर हे कोणी सांगत नाही. तिमाही सरासरी धरत असतील तर गणित वेगळं.

धागाकर्ती

हे सरासरीचं खरंच माहीत नव्हतं! पण मला त्या गणितात आता पडायचंच नाही. सरकारी बँकेतच साधं खातं काढते. लेखी अर्ज उद्याच देते, पोच घेऊन. एकच शंका: एसआयपी जुन्या खात्यातून जाते. खातं आधी बंद करू का?

प्रतिसाद

मुळीच नको. आधी एसआयपीचा मँडेट (हप्ता आपोआप कापायची परवानगी) नव्या खात्यावर घ्या, एक हप्ता तिथून गेलेला बघा. ज्यांच्याकडून पैसे येतात त्यांना नवा खाते क्रमांक आणि आयएफएससी कळवा, प्राप्तिकराच्या परताव्यासाठीही बदला. तोवर जुनं राहू दे. तक्रारीचा निकाल लागल्यावर बंद करताना शेवटचं स्टेटमेंट मात्र मागून घ्या.

धागाकर्ती

बरं झालं विचारलं. आभार सगळ्यांचे. बँकेने काय उत्तर दिलं ते इथेच टाकते.