रविवार शाळेतला विज्ञानाचा तास: हरभरे, काड्या आणि सावली

प्रेषक: समन्वयक, रविवार शाळा (टोरोंटो)

नमस्कार मंडळी,

गणपती उरकले, आता शाळा. यंदा महिन्यातून एक तास विज्ञानाचा, तोही मराठीतून, असं समितीत ठरलंय. मुलं सहा ते अकरा वर्षांची, वेळ चाळीस मिनिटं. हॉल भाड्याचा, त्यामुळे काहीही पेटवायचं नाही आणि गालिच्यावर सांडेल असंही काही नको. खर्च जवळजवळ शून्य. पहिली सूचना आलीय ती खायचा सोडा आणि व्हिनेगरच्या ज्वालामुखीची. अजून काही सुचतंय का?

प्रेषक: एक निवृत्त शिक्षिका, मिसिसागा

ज्वालामुखीला माझा विरोध आहे. फेस येतो, मुलं ओरडतात, फोटो निघतात, संपलं. आधी काही ओळखायचं नाही, नंतर काही बदलून बघायचं नाही. शिवाय तुमचा गालिचा.

मी म्हणते, हरभरे घ्या. रात्रभर भिजवलेले हरभरे आणि दोन्ही टोकांना टोकदार दातकोरण्या. हरभरा हा सांधा, काडी ही दांडी. हा खेळ मुळात अरविंद गुप्तांचा, आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचा. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या विज्ञान शोधिकेत त्यांनी कचऱ्यातून अशी कितीतरी खेळणी केली; 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. इथल्या सायकलींच्या व्हॉल्व्हमध्ये ती नळी नसतेच, आणि आगकाड्या हॉलवाले आत येऊ देणार नाहीत. म्हणून हरभरे.

मुलांना आधी चौकोन करू दे. बोटाने ढकलला की तो कलतो, त्रिकोण मात्र ढिम्म हलत नाही. मग विचारायचं, चौकोनाला ताठ करायला अजून किती काड्या लागतील? "एक" असं सगळे म्हणतील. ती आडवी लावायला गेलं की पुरत नाही! एखादं पोर चौकोन चेपून काडी बसवतं आणि हातात दोन त्रिकोण येतात. इथे बाईंनी गप्प बसायचं असतं.

मोठ्या मुलांना कोडं: सहा काड्यांमध्ये चार सारखे त्रिकोण करा, काड्या मोडायच्या नाहीत. टेबलावर मांडत राहिलात तर जन्मात जमणार नाही. उत्तर कुणी सांगू नका, विशेषतः बाबालोकांनी.

स्ट्रॉच्या पिपाणीचाही विचार केला होता, पण आता सगळीकडे कागदी स्ट्रॉ. दोन फुंकांत लगदा.

प्रेषक: दोन मुलांचा बाबा, ओकव्हिल

बाईंना अनुमोदन. (उत्तर सांगणार नाही.)

यंदा 21 सप्टेंबरला रविवार आहे. विषुवदिन, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात तो दिवस, दुसऱ्याच दिवशी. एक मीटरची काठी पटांगणात सरळ उभी करू आणि दुपारची सर्वांत आखूड सावली मोजू. ती बाराला मिळणार नाही. इथली घड्याळं उन्हाळ्यात तास पुढे, त्यात आपली घड्याळं ज्या रेखावृत्तावरून लावलेली असतात त्याच्या आपण पश्चिमेला, त्यामुळे सूर्य सर्वांत उंच यायला 1 वाजून 10 मिनिटं होतात. शाळा 1 ला सुटते, तेवढं थांबावं लागेल.

आदल्या रविवारी मुलांकडून अंदाज लिहून घ्यायचा: त्याच दिवशी पुण्यात आजीच्या गच्चीवर तीच काठी उभी केली, तर सावली लांब की आखूड? आपल्याकडे साधारण 95 सेंटिमीटर येईल, पुण्यात 33 च्या आसपास. तिथे साडेबाराच्या सुमाराला आजी-आजोबांनी मोजून फोटो पाठवला, तर आपली मुलं उठायच्या आत तो ग्रुपवर असेल.

माझी मावसबहीण मायामीत असते. तिथे 48 च्या आसपास येईल. टोरोंटो आणि मायामी जवळपास एकाच रेखांशावर आहेत, म्हणजे दोन सावल्यांवरून थेट पृथ्वीचा घेर काढता येईल. प्राचीन ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसने केलं तेच. त्याच्या दोन गावांत सूर्यकिरणांच्या कोनाचा फरक होता वर्तुळाचा पन्नासावा भाग. आपल्याला सुमारे 18 अंश मिळतील, म्हणजे विसावा भाग. गावांमधलं अंतर नेटवरून 1,990 किलोमीटर घेऊ, की घेर येतो 40 हजाराच्या घरात.

प्रेषक: स्कारबरोतला एक काका

अरे बाबा, नेटवरचं ते अंतर आलं कुठून? अक्षांश-रेखांश आणि पृथ्वीचा आकार धरूनच ते काढलेलं असतं. म्हणजे उत्तर खिशात ठेवून गणित सोडवायचं!

आणि हो, मायामी लांब म्हणून कुणी पिट्सबर्ग सुचवेल. नको. सेंटिमीटरभर सावली चुकली तर कोन पाव ते अर्धा अंश चुकतो. मायामीच्या 18 अंशांत ते खपून जाईल. पिट्सबर्गचा फरक जेमतेम सव्वातीन अंश. दोन्हीकडे उलटसुलट चुकलं तर पृथ्वी पाव हिश्शाने फुगेल किंवा सहाव्या हिश्शाने आक्रसेल.

आपल्या जुन्या ज्योतिषगणितातही हेच आहे. विषुवदिनी मध्यान्हीला बारा अंगुळांच्या शंकूची, म्हणजे उभ्या काठीची, जी सावली पडते ती त्या गावाची पलभा. पुण्याची सुमारे 4 अंगुळे, टोरोंटोची जवळपास साडेअकरा. आजोबांना फोनवर विचारायला सांगा, निदान या वेळी तरी "जेवलास का" च्या पुढे बोलणं जाईल.

प्रेषक: दोन मुलांचा बाबा, ओकव्हिल

काका, मान्य. मग गाडीने जाण्याचं अंतर घेऊ, ते चाकांनी मोजलेलं असतं. साधारण 2,400 किलोमीटर. त्याने घेर येतो 48 हजार. मुलांना तेवढंच सांगू: पुस्तकात 40 हजार आहे, आपले 8 हजार जास्त कुठून आले? रस्ता सरळ दक्षिणेला जात नाही, हे नकाशावर दोरा ठेवून त्यांनाच सापडू दे. मला तर हे बरोबर उत्तर येण्यापेक्षा आवडलं.

कोनासाठी त्रिकोणमिती नको. दहा सेंटिमीटरची उभी रेघ म्हणजे काठी, त्याच प्रमाणात आडवी सावली, आणि कोनमापक. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना जमतं.

प्रेषक: समन्वयक, रविवार शाळा

ठरलं तर. 14 तारखेला हरभरे आणि सावलीचे अंदाज, 21 ला काठी. त्या दिवशी शाळा 1:20 ला सुटेल, न्यायला येणाऱ्यांनी लक्षात ठेवा. ढग असले तर पुढचा रविवार. तिन्ही गावांनी एकाच दिवशी मोजायचं, एवढंच जपा. 21 जूनलाही काठी लावू. पुण्यात वर्षातून दोनदा, मे आणि जुलैमध्ये, सावली पायाखाली नाहीशी होते. इथे जूनमध्येही 37 सेंटिमीटर उरतेच.

हरभरे काबुली आणा, मोठे असल्याने लहान बोटांना सोपे. शनिवारी रात्री कोण भिजवतंय? दोन किलो पुरे. उरलेल्याची उसळ करू नका, त्यात काड्यांचे तुकडे असतील.