नायक बदललाच पाहिजे, हा आग्रह कशासाठी?

मानसकार :
यंदा वाड्यावरच्या जत्रेसाठी मी नाटक लिहिलं. नायक खाजनातला, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतजमिनीतला, म्हातारा शेतकरी. पोरगा कर्जात बुडालेला. कोळंबीसाठी मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाणी अडवायच्या झडपेचं, दार रात्री उघडून खारं पाणी शेतात घ्यायचं, हा पोराचा बेत. म्हातारा पहिल्या प्रवेशापासून शेवटपर्यंत एकच गोष्ट करतो, दार राखतो. वाचन ऐकून एक अनुभवी दिग्दर्शक म्हणाले, नायक शेवटीही पहिल्यासारखाच राहतो, म्हणजे नाटक घडलंच नाही.

मला हे पटत नाही. काही नायक बांधासारखे असतात. ते हलत नाहीत म्हणून तर भरतीचा जोर कळतो. १९६२ चं 'तो मी नव्हेच' नाटक घ्या. त्यातला ठक लखोबा लोखंडे नावं बदलतो, पेहराव बदलतो, बोलीसुद्धा बदलतो, आतला माणूस मात्र तोच. तरी प्रभाकर पणशीकरांचा लखोबा पाहायला पिढ्यान् पिढ्या लोक आले. बदललं पाहिजे ते समोरच्यांचं मत. नायकाचं कशाला?

रंगपट :
लखोबाचा दाखला इथे लागू पडत नाही. तिथे कोर्ट आहे, दर साक्षीला प्रेक्षकापुढे नवीन काही येतं. खटला पुढे सरकतो म्हणून लखोबा जागचा हलला नाही तरी चालतं. तुमच्या म्हाताऱ्यापाशी काय आहे?

'एकच प्याला' पाहा. सुधाकर हुशार वकील, मानी. सनद काही काळापुरती जाते, अपमान सोसवत नाही आणि तळीराम पहिला प्याला पुढे करतो. आपण तळीरामाला खलनायक म्हणून मोकळे होतो, पण त्याने फक्त पेला भरला. ज्या मानीपणामुळे सुधाकर मोठा वाटतो, तोच त्याला गुत्त्यात नेतो. पुढे तो दारू सोडतोही, पण नोकरी मागायला गेल्यावर पुन्हा अपमान होतो आणि पुन्हा प्याला. सुधाकर पहिल्या अंकातच दारुडा असता, तर १९१९ चं हे नाटक आज कुणी जत्रेत लावलं असतं का?

जायांची माळ :
मी आमच्या देवळाच्या मांडवात सुधाकराची बायको सिंधू केली आहे, म्हणून बोलते. तुम्ही दोघेही सुधाकरापाशी आणि लखोबापाशी थांबलात. सिंधू कुठे बदलते? माहेरची श्रीमंती सोडून ती दळण दळते, पण नवऱ्याला अंतर देत नाही. आणि मांडवातल्या बायका रडतात त्या तिच्यासाठी. शेवटी ती फौजदारापुढे खोटं बोलते, नवऱ्याला वाचवायला. तालमीत मला तीच जागा सर्वांत कठीण गेली. स्वभाव तोच, फक्त आता त्याची किंमत जीव झाली आहे.

तेव्हा मानसकारबाब, तुमचा म्हातारा बदलत नाही याचं मला काही नाही. दार राखताना त्याचं काय जातं, ते सांगा. वसुलीवाले घरात येऊन बसले आहेत, सून दागिने काढून देते आहे आणि हा बाहेर बांधावर उभा आहे, असा एक तरी प्रवेश आहे का? नसेल तर दिग्दर्शक चुकले नाहीत.

पेडण्याचा प्रॉम्प्टर :
आमच्याकडच्या दशावतारी खेळात संकासुर राक्षस दर वर्षी तसाच येतो, तसाच मरतो, आणि लोक पहाटेपर्यंत बसतात. बदल हवाच, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

रंगपट :
संकासुराला लोक देवाचं काम म्हणून बसतात, आणि त्याची गंमतही बघतात. खाजनातल्या माणसाला ती सवलत नाही. तो आपल्यातला आहे. आणि एक राहिलंच, तुमचा पोरगा खलनायक झालाय का? मला तो लोभी वाटला. लोभी माणसाला म्हातारा 'नाही' म्हणाला, तर त्यात कसलं धाडस!

मानसकार :
पोराबद्दलचं कबूल. मी त्याला हावरट केला, कारण म्हातारा मोठा दिसावा. ती माझीच चूक. त्याचं कर्ज बायकोच्या दवाखान्याचं असेल तर दोघांचंही खरं होतं. वसुलीवाल्यांचा प्रवेश लिहितो. पण म्हातारा दार उघडणार नाही.

रंगपट :
तो उघडणार नाही हे पहिल्या प्रवेशातच कळलं, तर लोकांनी दोन तास काय बघायचं?

जायांची माळ :
त्याने आधी कधी उघडलं होतं का?

मानसकार :
दोन दिवस हाच प्रश्न डोक्यात होता. हो, उघडलं होतं. तरुणपणी, एका अमावास्येच्या भरतीला, थोड्या पैशांसाठी. शेजाऱ्याच्या कुणग्यात, शेताच्या तुकड्यात, पुढे काही वर्षं भाताचं रोप धरलं नाही, आणि शेजारी गाव सोडून गेला. म्हाताऱ्याने हे घरात कुणालाच सांगितलेलं नाही. वसुलीवाले बाहेर बसलेले असताना तो पोराला ते सांगतो. आज रात्री तोच प्रवेश लिहायला बसतोय.

रंगपट :
म्हणजे तो बदलला होता, पडदा उघडायच्या आधी. माझंच म्हणणं झालं ना हे?

जायांची माळ :
नाही. आधी लिहून होऊ दे, मग भांडू. तालमीला मी येते.