कमी खर्चातल्या कुंगफू विनोदपटांची गोडी नेमकी कशात आहे?

धागाकर्ता :
१९७३ मध्ये ब्रूस ली गेल्यावर हाँगकाँगमध्ये त्याच्या नकलांचे पीक आले आणि त्यांना विटलेल्या प्रेक्षकाला १९७८ च्या सुमारास विनोदाने पुन्हा चित्रपटगृहात आणले. त्या लाटेतले गाजलेले चित्रपट सर्वांना ठाऊक आहेत. मला मात्र तुटपुंज्या पैशांत उरकलेले, आडबाजूला पडलेले चित्रपट अधिक आवडतात. ‘हाफ अ लोफ ऑफ कुंगफू’ निर्माते लो वेई यांना इतका नापसंत होता, की तो डब्यातच पडून राहिला आणि त्यातला नायक जॅकी चॅन दुसऱ्या निर्मात्याकडे गाजल्यानंतरच प्रदर्शित झाला. त्यात शेवटची हाणामारी ऐन रंगात असताना नायक चक्क पुस्तक उघडून पुढचा डाव शोधतो! नेपथ्य यथातथाच, पण चिनी ऑपेराच्या, म्हणजे गाणे, अभिनय आणि कसरती एकत्र असलेल्या पारंपरिक नाट्याच्या शाळेत लहानपणापासून घोटून घेतलेले शरीर डोक्यापासून पायापर्यंत पडद्यावर दिसते, आणि तेच या चित्रपटांचे खरे भांडवल आहे.

प्रतिसाद १ :
असहमत. बहुतेक लोक कसरतीला नव्हे, तर ओठांशी न जुळणाऱ्या इंग्रजी संवादांना हसतात, आणि त्या हसण्यात कौतुकापेक्षा कुचेष्टाच जास्त असते. शिवाय ‘स्नेक इन द ईगल्स शॅडो’मध्ये जिवंत नागावर मांजर सोडले आहे, ते कोणत्या भांडवलात धरायचे?

प्रतिसाद २ :
मला तोचतोचपणा खटकतो. ‘ड्रंकन मास्टर’मधला युएन सियु-तिएन यांचा लाल नाकाचा दारुडा गुरू चालला, तर लगेच तोच गुरू, तीच पांढरी जटा, तीच सुरई घेऊन स्वस्तातले चित्रपट निघाले.

धागाकर्ता :
नागाच्या प्रसंगाचे समर्थन मी करणार नाही. डबिंगचे म्हणाल, तर हाँगकाँगमध्ये तेव्हा चित्रीकरणाच्या वेळी आवाज नोंदवतच नसत आणि मूळ आवृत्तीतही नटाला अनेकदा दुसऱ्याचाच आवाज असे. म्हणूनच विनोद संवादांवर न सोपवता अंगावर रचला जाई. तोचतोचपणाही मला दोष वाटत नाही, कारण ऑपेरातला विदूषक ठरलेलाच असतो आणि प्रेक्षक पाहतो ते आजचा नट त्यात काय भर घालतो.

प्रतिसाद १ :
मग एक सांगा. रुंद पडद्याचे हे चित्रपट व्हिडिओ कॅसेटवर येताना दोन्ही बाजूंनी कापले गेले आणि कित्येकदा लाथ मारणारा दिसे, खाणारा चौकटीबाहेर राही. जगभरच्या चाहत्यांनी वर्षानुवर्षे याच कॅसेट पाहिल्या. त्यांना तुमचे ते पूर्ण शरीर दिसले कुठे?