काजू : बीचं वजन आणि डीएनएचा बँड, संबंध खरा की वाणाचा शिक्का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

राहते नेरूळला, एमएस्सी बायोटेकचं शेवटचं वर्ष. प्रोजेक्टमध्ये काजूचे डीएनए मार्कर (डीएनएवरच्या ओळखखुणा) आणि बीचं वजन, गराचं प्रमाण, बोंडूचा (काजूफळाचा) रंग यांचा संबंध शोधतेय. झाडं कुडाळकडची, मामाची बाग आणि शेजारच्या दोन. पानं सिलिका जेलमध्ये घालून तुतारी एक्स्प्रेसने आणली. काजूच्या पानातलं फिनॉल डीएनएचा पार चोथा करतं. सीटॅबमध्ये (डीएनए काढायच्या द्रावणात) पीव्हीपी (फिनॉल धरून ठेवणारी पावडर) वाढवल्यावर कुठे स्वच्छ डीएनए हाती आला.

आयएसएसआरने (डीएनएचे तुकडे वाढवून जेलवर त्यांचे पट्टे, म्हणजे बँड, बघायची पद्धत) चाळीसेक झाडं तपासली. एक बँड असा मिळालाय की तो दिसला की बी जड, नाही दिसला की हलकी. पी व्हॅल्यू (संबंध निव्वळ योगायोगाचा असता तर असा निकाल दिसण्याची शक्यता) बघून सर खूश. मला मात्र धाकधूक आहे, कारण तोच बँड पिवळ्या बोंडूशीही जुळतो आणि गराच्या प्रमाणाशीही थोडाफार. जड बीची झाडं बहुतेक सगळी वेंगुर्ला-७ ची कलमं आहेत. त्या वाणाची बी १० ग्रॅमच्या आसपास आणि बोंडू पिवळाच. वेंगुर्ला-४ ची बी पावणेआठ ग्रॅमच्या घरात, बोंडू लाल. म्हणजे मी वजनाचा मार्कर शोधलाय की नुसता वाण ओळखलाय? आहे त्या डेटातून हे वेगळं करता येईल का?

प्रतिसाद १

शंका रास्त आहे, वाणच ओळखलाय असं दिसतं. कलम म्हणजे त्याच झाडाची नक्कल. वेंगुर्ला-७ ची पंधरा कलमं असली तरी आकडेमोडीत ते एकच झाड. पी व्हॅल्यू एवढी छान आली ती याच फुगवट्यामुळे. टॅसलमध्ये (मार्कर आणि गुणांचा संबंध तपासायचं सॉफ्टवेअर) किनशिप (झाडांचं आपसातलं नातं) घालून मिक्स्ड मॉडेल (ते नातं हिशेबात धरणारं गणित) चालवा, बँडचा रुबाब उतरेल. पण त्याने नवी माहिती तयार होणार नाही, मुळात वेगवेगळे जीनोटाइप (वेगळ्या जनुकीय घडणीची झाडं) हवेत.

कलमं टाकून देऊ नका हं. एकाच वाणाची झाडं कातळावर आणि खोल मातीत, दोन्हीकडे असतील तर त्यांच्या वजनातला फरक जमिनीचा आणि निगेचा. तो आकडा हाताशी हवाच. बाकी काजूत परपरागीकरण भरपूर, त्यामुळे बीपासून वाढलेली गावठी झाडं एका आईची असली तरी सारखी नसतात. मार्करसाठी ती शोधा. आणि बीचं वजन हा काही एका जनुकाच्या मर्जीवर चालणारा गुण नव्हे.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. त्यात आयएसएसआरमध्ये बँड दिसला तरी त्या जागी एक प्रत आहे की दोन, हे कळत नाही. एसएसआरमध्ये (डीएनएतल्या छोट्या पुनरावृत्तींची लांबी बघायची पद्धत) कळतं. काजूसाठीचे एसएसआर प्राइमर (हवा तो तुकडा पकडणारे डीएनएचे छोटे धागे) प्रसिद्ध झालेले आहेत, तेच मागवा.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. मामाला फोन केला. वरच्या कातळावर आजोबांनी बी टाकून लावलेली झाडं आहेत म्हणे, बोंडू लाल, पिवळे, मधलेच काहीतरी, सगळी सरमिसळ. पानं आत्ता मिळतील, पण बी पडणार मार्चनंतर आणि थीसिस द्यायचा मेमध्ये. शिवाय तिथे ढेकण्याचा (मोहोर आणि कोवळी फूट शोषणाऱ्या किडीचा) त्रास आहे, कुठल्या झाडाला किती बी धरेल देव जाणे. एका झाडाच्या किती बिया तोलल्या म्हणजे सरासरी भरवशाची होईल? आणि ठाणे-नवी मुंबईत कुणाच्या लॅबमध्ये काजूचे एसएसआर प्राइमर शिल्लक असतील तर कृपया व्यनि (खासगी निरोप) करा, खर्च देईन.