प्रोकॅरिओटिक-युकॅरिओटिकचा तक्ता डोक्यात टिकत नाही, उपाय सुचवा

अकरावीची_आई: लेक अकरावी सायन्सला, नीट परीक्षेची तयारी चालू आहे. केंद्रक नसलेल्या पेशी प्रोकॅरिओटिक, केंद्रक असलेल्या युकॅरिओटिक, हा फरकांचा तक्ता रात्री पाठ, सकाळी गायब. परवाच्या टेस्टला नीलहरित शैवाल युकॅरिओटिकमध्ये टाकून आली, म्हणे नावात शैवाल आहे ना! खरं तर ते बॅक्टेरिया, म्हणजे प्रोकॅरिओटिक. क्लासवाले म्हणतात दहा वेळा लिहून काढ. घरी भावाचा कॉलेजातला जुना मायक्रोस्कोप पडून आहे, ४०चं ऑब्जेक्टिव्ह (४० पट मोठं दाखवणारं भिंग) आहे, त्याचा काही उपयोग?

लॅबवाली: अहो मग तक्ता ठेवा बाजूला! कांद्याचा पातळ पापुद्रा घ्या, आयोडीनचा थेंब टाका, विटांच्या भिंतीसारखं दिसेल आणि विटेविटेत पिवळट ठिपका, ते केंद्रक. मग दुसऱ्या काचेवर दह्यावरचं पाणी (दही नको, त्यातले चरबीचे गोळे बघून मुलं बॅक्टेरिया सापडले म्हणून नाचतात), पसरून वाळवा, ज्योतीवरून दोनतीनदा फिरवा, मिथिलिन ब्लू मिनिटभर ठेवून धुवा. निळ्या बारीक काड्या नि ठिपके दिसतील, ते बॅक्टेरिया, त्यांच्यात केंद्रक नाही, बास.

खवचट_मास्तर: ते ठीक, पण आकारावरून ठरवायला शिकवू नका. कॅरिबियनमधल्या ग्वादलूपच्या खारफुटीत सेंटिमीटरभर लांब बॅक्टेरिया सापडलाय, २०२२मध्ये जाहीर झाला, नुसत्या डोळ्यांनी दिसतो. खरा फरक पटलाने वेढलेल्या केंद्रकाचा. रायबोसोम (पेशीतले प्रथिनं बनवणारे कण) प्रोकॅरिओटिकमध्ये ७०एस आणि युकॅरिओटिकमध्ये ८०एस, त्यात ७०एसचे दोन भाग ५०एस आणि ३०एस, तर ५० अधिक ३० मिळून ७० कसे असं विचारेल ती, तर एस म्हणजे वजन नव्हे, सेंट्रिफ्यूजमध्ये (गरगर फिरवणाऱ्या यंत्रात) खाली बसायचा वेग, त्याची बेरीज होत नाही. आणि मायटोकाँड्रियाचे (पेशीला ऊर्जा देणाऱ्या भागाचे) स्वतःचे रायबोसोम बॅक्टेरियाच्या वळणाचे, कारण तो मूळचा बॅक्टेरियाच, अमेरिकन जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिसबाईंनी १९६७मध्ये हे मांडलं तेव्हा लोकांनी वेड्यात काढलं होतं.

गोळ्याऔषधं: आमच्या दुकानात गजकर्णावर अँटिबायोटिक मागतात. बुरशी आपल्यासारखीच युकॅरिओटिक, बॅक्टेरियावरची गोळी तिथे काय करणार! हे सांगा, लक्षात राहील.

अकरावीची_आई: दह्याचं जमलं!! ओट्याला निळे डाग पडलेत ते वेगळं. आता म्हणते एक पेशी म्हणजे प्रोकॅरिओटिक, बरोबर ना?

लॅबवाली: अजिबात नाही 😄 ब्रेडचं यीस्ट कोमट साखरपाण्यात अर्धा तास ठेवा आणि तोच मायक्रोस्कोप लावा. एकेकटी पेशी, अंगाला कळी फुटलेली, आणि तरी युकॅरिओटिक. ओट्यावर आधी पेपर अंथरा.