आधी स्क्रीनिंग लॉग बघा
स्ट्रोकच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये (रुग्णांवरच्या औषधचाचणीत) रुग्णांची भरती कमी होतेय म्हणून आणखी दोन रिसर्च नर्स घ्या, असं सुचवलं जातंय. पण त्याही ९ ते ५ च येणार असतील तर काय उपयोग? स्ट्रोकचा रुग्ण रात्री-अपरात्री येतो आणि गुठळी विरघळवणारं औषध साधारणपणे ४.५ तासांच्या आत द्यावं लागतं. आधी स्क्रीनिंग लॉग, म्हणजे ट्रायलसाठी तपासलेल्या रुग्णांची नोंद, काढा. पात्र असूनही हातचे गेलेले रुग्ण बहुतेक रात्रीचे निघाले, तर रात्रपाळीच्या डॉक्टरांनाच संमती घेण्याचं आणि रँडमायझेशनचं (रुग्ण कोणत्या उपचार-गटात जाणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवण्याचं) प्रशिक्षण द्या. संमती हा आणखी एक गुंता: रुग्णाची वाचा गेलेली, नातेवाईक भेदरलेले. अशा वेळी थोडक्यात, पण काहीही न लपवता समजावणं येरागबाळ्याचं काम नाही.

शिवाय स्ट्रोकनंतर ९० व्या दिवशी मॉडिफाइड रँकिन स्कोअर (रुग्णाला किती अपंगत्व उरलंय याचं मोजमाप) घेणाऱ्याला रुग्ण कोणत्या गटात आहे हे कळता कामा नये. छोट्या टीममध्ये सगळेच सगळं करतात (आणि चहाच्या वेळी सगळं बोलतातही!), त्यामुळे हे पाळणं अवघड. जमल्यास हे काम फोनवरून दुसऱ्या केंद्रातल्या प्रशिक्षित व्यक्तीकडे द्या. नातेवाईकांनाही आधीच सांगून ठेवा, की कोणते उपचार मिळाले ते फोनवर बोलू नका.